तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत कशी मिळवावी

परवा एका विद्यापीठाची सूचना हाती पडली. पुनर्मूल्यांकनाचा निकाल 'यथावकाश' लागेल म्हणे. फेरपरीक्षेचा अर्ज मात्र उद्या संध्याकाळी पाचपर्यंतच. विलंब शुल्कासह परवापर्यंत. त्यानंतर 'कोणत्याही सबबीवर' नाही. हे वाचल्यावर पटलं की आपण पोरांना उगाच अभ्यास करा, अभ्यास करा म्हणून पिडतो. पदवी वेळेत पदरात पडणं नुसत्या अभ्यासावर थोडंच असतं? तेव्हा ज्यांना बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. निवांत पाच वर्षांत उरकायचं आहे, त्यांच्यासाठी हे खात्रीचे उपाय.

पहिल्या वर्षाचा एक विषय जपून ठेवा. जास्त नको, एकच पुरतो. एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू देण्याची सोय, आहेच. तिच्या जोरावर दुसऱ्या वर्षात ऐटीत बसता येतं. आणि दुसऱ्या वर्षाचा अभ्यास असा अंगावर येतो की मागे राहिलेल्या त्या बिचाऱ्या विषयाकडे बघायला सवड मिळत नाही. मग तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला खिडकीपाशी गेलात की कळतं, बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात घेत नाहीत. कमी पडलेले गुण चार, गेलेलं वर्ष एक. ज्यांना इतक्यात वर्ष घालवणं घाईचं वाटतं त्यांनी दुसऱ्या वर्षाचा विषय राखून ठेवावा. त्यावर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सहावं सत्र झकास पासही होता येतं, फक्त निकाल लागत नाही. 'खालची परीक्षा बाकी' म्हणून तो राखून ठेवला जातो. गुणपत्रिका मागायला आलेल्या कंपनीला हे समजावून सांगताना फार मजा येते.

अंतर्गत गुणांकडे ढुंकूनही पाहू नका. लेखीला 60पैकी 48 पडले, अंतर्गतला 40पैकी 14. बेरीज 62, म्हणजे प्रथम श्रेणीच की! पण जिथे दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं तिथे 40पैकी 16 लागतात, म्हणून तुम्ही नापास. चाचणी दिली, प्रकल्प दिला, जर्नलवर सह्या घेतल्या, तरी निश्चिंत राहा. कॉलेजने गुण वेळेत पोर्टलवर चढवले नाहीत तर त्या रकान्यात 'गैरहजर' उमटतं. मग कॉलेजचं पत्र, प्राचार्यांची सही, परीक्षा विभागाची आवक, आणि 'साहेब रजेवर आहेत'. ज्यांना हा आनंद नको असेल ते सत्र संपण्याआधी विभागाच्या फलकावर आपले अंतर्गत गुण तपासतात आणि यादीचा फोटो काढून ठेवतात. तुम्ही तसलं काही करू नका.

हजेरी 75 टक्के लागते ही अफवा समजा. टर्म नाकारल्याची, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याची, यादी लागेपर्यंत ती अफवाच असते.

दोन क्रेडिटच्या विषयांना विषय म्हणू नका. (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप.) पर्यावरण, लोकशाही, शारीरिक शिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यवर्धित अमुक आणि सहअभ्यासक्रम तमुक. त्याचं पुस्तक कुणी घेत नाही, तासाला कुणी बसत नाही. मुख्य विषयात 80 टक्के पाडणाऱ्याची पदवी या दोन क्रेडिटवर अडकते, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात आणि 118 म्हणजे 120 नव्हेत. संगणकाला दया येत नाही.

हॉल तिकीट शेवटच्या पेपरनंतर फाडून टाका. पेपर देऊनही गुणपत्रिकेवर 'गैरहजर' आलं, तर पर्यवेक्षकाची सही असलेला तो कागद हाच तुमच्या हातातला पुरावा असतो. पुरावा ठेवून करायचंय काय?

परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरला, पैसे कापले गेले, की मोबाइल खिशात टाका. तो अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पडताळून 'इनवर्ड' व्हावा, म्हणजे स्वीकारल्याची नोंद व्हावी लागते हे कुणालाही विचारू नका. अर्ज भरलेला, शुल्क भरलेलं, आणि हॉल तिकीट नाही, हा चमत्कार पेपरच्या आदल्या रात्री पाहण्यातच खरी गंमत.

आता मुख्य उपाय. पुनर्मूल्यांकन करा.

यात पहिल्यांदा 'पडताळणी' आणि 'पुनर्मूल्यांकन' यांची गल्लत करायची. पडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचा राहिलेला प्रश्न पाहतात; उत्तर पुन्हा कुणी वाचत नाही. चूक तपासणीत असताना पडताळणीचे पैसे भरले की एक फेरी वाया. दुसरं, अर्जाची मुदत. निकालानंतर मोजके दिवस मिळतात, आणि काही ठिकाणी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्जच घेत नाहीत. छायाप्रत आली तर ती उघडून पाहायची नाही. पाहिलीत तर दिसेल की पाचव्या प्रश्नाचा 'ब' भाग तपासलेलाच नाही, किंवा पुरवणी स्कॅनच झालेली नाही, किंवा आतले 7 पहिल्या पानावर 1 होऊन बसलेत. दुसऱ्या परीक्षकाने गुण वाढवले तरी हुरळून जाऊ नका; काही विद्यापीठांच्या नियमात फरक ठरावीक टक्क्यांहून कमी असेल तर जुनेच गुण कायम राहतात.

आणि मग वाट पाहायची. ही वाट म्हणजे या योजनेचं काळीज. कारण तेवढ्यात फेरपरीक्षेच्या अर्जाची तारीख येते. अर्ज भरावा तर त्याच विषयाचे दुसऱ्यांदा पैसे; पुनर्मूल्यांकनात पास झालात तरी ते परत मिळतील या भरवशावर राहू नका. न भरावा तर पुनर्मूल्यांकनात नापास कायम राहिल्यावर सहा महिने गेले, आणि तो विषय त्या सत्रात घेतच नसतील तर अख्खं वर्ष. तेव्हा शहाणा पोरगा दोन्हीकडे पैसे भरतो, जो विषय बहुधा पास झालाय त्याचाच पुन्हा अभ्यास करतो, पेपर देतो, आणि घरी आल्यावर त्याला पुनर्मूल्यांकनाचा निकाल दिसतो: पास! परीक्षेच्या नंतर! काय म्हणावं याला? त्या तीन तासांचं, त्यापायी सोडलेल्या दुसऱ्या पेपरच्या तयारीचं काय करायचं? चूक केली तपासणाऱ्याने, पैसे भरले विद्यार्थ्याने, परीक्षा पुन्हा दिली विद्यार्थ्याने, आणि नातेवाईक विचारतात तेही विद्यार्थ्यालाच, 'अजून झालं नाही का रे तुझं?'

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016, कलम 89: शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत तो लावावा. 2017 साली मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी घाईने सुरू केली, उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. कुलगुरू गेले, ज्यांचे पुढचे प्रवेश त्या निकालांपायी हुकले त्यांना ते वर्ष कुणी परत दिलं नाही.

माहितीच्या अधिकाराचं नावही काढू नका. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच सांगितलंय, आणि या अर्जाला 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण पाच वर्षं काढायची तर असली घाई कशाला?

अभ्यासक्रम बदलला की तिकडे दुर्लक्ष करा. जुन्या पॅटर्नच्या मोजक्या संधी संपल्या की नव्यातला 'समकक्ष' विषय द्यावा लागतो. तो तुम्हाला कुणी शिकवलेला नसतो.

आणि अगदीच चिंता वाटली तर आयोगाकडे बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेनुसार अभ्यासक्रमाच्या मुदतीवर सर्वसाधारणपणे 2 वर्षं जादा मिळतात. तीन अधिक दोन, पाच. योजनेच्या नावातला आकडा आला कुठून ते कळलं ना? नव्या रचनेत तर मधेच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडा, 3 वर्षांत परत या, एकूण 7 वर्षांत पदवी संपवा. कागदावर सोय उत्तम आहे. परत येणाऱ्याचे क्रेडिट कुठल्या खिडकीवर जुळवून द्यायचे हे त्या खिडकीमागच्या माणसाला कुणी सांगितलंय का, एवढंच विचारून घ्या.

पुरे झाली ही थट्टा.

परीक्षा विभागातल्या साहेबांनो, दोन तारखा आहेत. आधी पुनर्मूल्यांकनाचा निकाल, त्यानंतर 10 दिवसांनी फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत. एवढं जमत नाही तुम्हाला? आणि निकालाला उशीर तुमचाच झाला, तर ज्यांचा निकाल बाकी आहे त्यांच्यापुरती मुदत वाढवायला कुठला आयोग आडवा येतो? विद्यार्थ्याला एक दिवस उशीर झाला की विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क. तुम्हाला दोन महिने उशीर झाला की 'तांत्रिक कारणास्तव'. तुमचं विलंब शुल्क कोण घेतं? लाज वाटू द्या थोडी.

कॉलेजच्या ऑफिसातल्यांनो, सूचना फलकावर संध्याकाळी साडेचारला लावून पाचची मुदत देऊ नका. आणि पोरांनो, तुम्हीही ऐका. गुणपत्रिकेचा फोटो स्टेटसला टाकता, तशी एकदा रकान्या-रकान्याने वाचतही जा. अंतर्गत, लेखी, क्रेडिट, शेरा. दहा मिनिटं लागत नाहीत. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला शेवटच्या वर्षात असतानाही बसू देतात, मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या वेळी पास झालेलं असावं लागतं. तेव्हा तो दोन क्रेडिटचा विषय आडवा आला की माझ्याकडे रडत येऊ नका. उद्याच परीक्षा विभागात जा, शिल्लक विषयांची यादी लेखी मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. समोरचा कितीही खेकसला तरी.