बायपासवर शाश्वत वसाहत वसवू इच्छिणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, बीड बायपासला किंवा जालना रोडला, वीसेक एकर काळी जमीन तुमच्या डोळ्यांत भरली असेल तर अभिनंदन. पण नुसते प्लॉट पाडू नका. ते गुंठेवारीवाल्यांचं काम. तुम्ही 'मिक्स्ड-यूज टाउनशिप' काढा. खाली दुकानं, वर घरं, कोपऱ्यावर दवाखाना, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. जुन्या शहरातल्या गुलमंडीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच राहत आलीत म्हणा, पण गुलमंडीला ब्रोशर नाही.

जागेत ओढा असला तर त्याला पाइपात घाला, वर मुरूम टाका आणि त्या बाजूच्या इमारतीला 'रिव्हरसाइड' नाव द्या. विहीर बुजवून क्लब हाउस बांधा. जमीन विकणारा म्हातारा म्हणेल, ''साहेब, ह्या हिरीला दुष्काळात बी पाणी व्हतं.'' त्याला चहा पाजा. मग तिथून दहा पावलांवर सहाशे फूट बोअर घ्या. नुसता फुफाटा निघाला तरी नारळ फोडतानाचा फोटो टाकायचाच.

५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय सक्तीची आहे. घाबरू नका. एक खड्डा, त्यात दगडगोटे, शेजारी पाटी. गच्चीवरचा पाइप खड्ड्यापर्यंत पोचतो का, हे भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्यावर कोण वाकून बघतंय? लेआउटमध्ये १० टक्के खुली जागाही सोडावी लागते. ती नकाशात हिरवी रंगवा. जमिनीवर तिथं तुमचं विक्री कार्यालय शोभून दिसेल.

इतिहासाचा मान मात्र राखा. मलिक अंबरनं सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उतारावर, शहरभर खेळवलं. तेव्हा पाणचक्कीचा फोटो ब्रोशरच्या पहिल्याच पानावर हवा. आज तेच शहर जायकवाडीचं पाणी चढावर उपसून आणतं आणि नळाची वाट बघत दिवस मोजतं, हे कुठल्याच पानावर नको.

एखादं आगाऊ गिऱ्हाईक लातूरच्या दुष्काळाचा विषय काढेल. एप्रिल २०१६, मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन आलेली ती पहिली रेल्वे, वगैरे. त्याला शांतपणे सांगा, आपल्या प्रकल्पापासून रेल्वे स्टेशन फक्त वीस मिनिटांवर आहे.

राहता राहिला टँकर. त्याच्यासाठी मागच्या बाजूला वेगळं फाटक ठेवा, सॅम्पल फ्लॅटच्या खिडकीतून दिसणार नाही असं. आणि सोसायटीची नोंदणी पाडव्याच्या आत उरका, म्हणजे उन्हाळ्याची बिलं तुमच्या नावावर फुटणार नाहीत. अध्यक्ष कोणाला करायचं? बुकिंगच्या दिवशी पाण्याबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न ज्यानं विचारले, त्यालाच.