नेव्हिलला विसरून स्नेपसाठी रडणाऱ्यांनो

व्हिलनचं बालपण किती वाईट गेलं हे मला आता कोणीही सांगू नका. खरंच नका. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत, ऐरोलीला ऑफिसात डबा खाताना, रात्री तलावपाळीच्या कट्ट्यावर, जिथे जावं तिथे फँटसी मालिकांवर तावातावाने बोलणारे भेटतात आणि सगळ्यांचं पालुपद एकच: व्हिलन भारी आहे यार, बिचाऱ्यावर अन्याय झाला. आणि बाकीची माणसं? ती ‘फिलर’, म्हणजे नुसती जागा भरायला.

गाडीत शेजारचा माणूस मोबाइलवर एपिसोड लावतो. पडद्यावर एखादी दासी, एखादा साधा सैनिक, गावातली म्हातारी आली की याचा अंगठा चालू. दहा सेकंद पुढे, अजून दहा सेकंद पुढे. व्हिलन आला की मात्र डोळे मोठे. आणि उतरता उतरता मित्राला ऐकवतो, “लेखकाने व्हिलन नीट उभाच केला नाही.” अरे, कसा उभा राहील? त्याने ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्याकडे तू ढुंकून पाहिलं नाहीस!

हॅरी पॉटरमधल्या जादूच्या शाळेतल्या मास्तरचं, स्नेपचंच घ्या. हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक २००७ साली आलं, त्यात त्याच्या आठवणी उलगडल्या, आणि तेव्हापासून हॅरीच्या आईवरच्या त्याच्या प्रेमाचे गोडवे संपत नाहीत. त्या आठवणी वाचून मीही रडले आहे. पण तिसऱ्या पुस्तकातला बोगार्ट आठवतो का कोणाला? समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती, त्याचं रूप तो घेतो. स्नेपच्या वर्गातल्या नेव्हिलसमोर तो स्नेप होऊन उभा राहतो. ज्या पोराच्या आईवडिलांचा छळ करून त्यांना वेड लावलं गेलं, जे कायमचे हॉस्पिटलात आहेत, त्या पोराला जगात सगळ्यात जास्त भीती वाटते ती आपल्या मास्तरची! स्नेप कसा माणूस आहे हे त्या एका प्रसंगात कळतं. ऑफिसात हे बोलले तर उत्तर काय मिळावं? “नेव्हिल कोण, तो साइडवाला ना?” माझा घास घशात अडकला.

आणि ही सवय परदेशी गोष्टींपुरती नाही. कर्णावर आपल्याकडे सगळ्यांचाच जीव, माझाही आहे. पण द्यूतसभेत विकर्ण उठतो, कौरवांपैकीच एक. भीष्म, द्रोण गप्प बसलेले असताना हा धाकटा पोरगा भर सभेत म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला झापून खाली बसवतो कोण? कर्ण. द्रौपदीची वस्त्रं काढायला दुःशासनाला सांगतो कोण? तोही कर्णच. पुढे युद्धात विकर्ण भीमाच्या हातून मरतो आणि खुद्द भीम हळहळतो. आता हा विकर्ण ‘फिलर’ म्हणून काढून टाका. उरतो तो फक्त अन्याय झालेला कर्ण, आणि मग त्याच्यासाठी रडणं फार सोपं होतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’बद्दल तर बोलूच नये. जेमी लॅनिस्टर पहिल्याच एपिसोडमध्ये एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो. त्याच माणसाबद्दल तिसऱ्या सीझनमध्ये आपल्याला कणव वाटायला लागते, ती कोणामुळे? त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या ब्रिएन या लढवय्या बाईमुळे. पूर्वी आपल्याच राजाला का मारलं हे तो तिला सांगतो. ती ऐकते म्हणून आपण ऐकतो. आणि माझ्या ओळखीतले लोक बिनदिक्कत म्हणतात की ब्रिएनचे सीन बोअर आहेत, पुढे ढकलले. मग २०१९ साली शेवट आला तेव्हा हेच लोक सगळ्यात मोठ्याने ओरडत होते: जेमी असा अचानक कसा बदलला, सिंहासनावर हक्क सांगणारी डेनेरिस अशी अचानक कशी बदलली! शेवटी घाई झाली हे मलाही मान्य आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा एपिसोडचे, सातवा सातचा, आठवा फक्त सहाचा. वॅरिससारखा माणूस, इतकी वर्षं सगळ्या कटकारस्थानांच्या मध्यभागी असलेला, त्याला कसाबसा गुंडाळून टाकला. राग आलाच पाहिजे. पण डेनेरिसने सातव्या सीझनमध्ये तिच्यापुढे न झुकणाऱ्या टार्ली बापलेकांना जिवंत जाळलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? “ते दोघे कोण होते?” असं विचारत होतात!

वर मलाच सुनावतात, “अगं, गोष्टच आहे ती, एवढं काय?” गोष्ट आहे म्हणूनच चिडतेय. बातमीत मेलेल्यांचा नुसता आकडा येतो. गोष्टीत निदान एकेकाला नाव असतं, तोंड असतं, कोणीतरी वाट बघणारं असतं. तेही तुम्हाला नको. तुम्हाला फक्त सिंहासनावर बसलेल्याचं दुःख हवं.

बघा मग, तसंच बघा. पण ब्रिएनचे सीन उडवून वर जेमी शेवटी असा का वागला हे विचारायला माझ्याकडे येऊ नका.