‘शनीची कडी दिसत नाहीत, भिंग बोगस आहे’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

स. न. वि. वि.

आमच्याकडून दिवाळीपूर्वी घेतलेल्या ६ मिलिमीटरच्या आयपीसला (दुर्बिणीत डोळ्याजवळ बसवायच्या भिंगाला) व त्याला जोडून प्रतिमा दुप्पट मोठी करणाऱ्या बार्लो भिंगाला आपण एक तारा दिला असून, आयपीसमध्ये काळे ठिपके आहेत, शनीची कडी दिसत नाहीत आणि दुकानदार चूक मान्य करण्याऐवजी खगोलशास्त्र शिकवत बसतो, असे लिहिले आहे. ‘१,८५० रुपये पाण्यात’ हे शेवटचे वाक्य वाचून मन खट्टू झाले, तरी उत्तर देणे कर्तव्य आहे.

ठिपक्यांबाबत आपले म्हणणे खरे आहे आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. आयपीस कुरिअरने परत आल्यावर मी ते उजेडाकडे धरून डोळ्याला लावले आणि हळूहळू फिरवले. ठिपके आपल्या डोळ्यातले असतील तर आयपीस फिरवले तरी ते जागचे हलत नाहीत; हे दोन्ही ठिपके आयपीसबरोबर गोल फिरले, म्हणजे ते आतल्या भिंगावरच आहेत आणि बाहेरून कितीही पुसले तरी जाणार नाहीत. एरवी प्रत्येक आयपीस आम्ही अशाच रीतीने पाहून देतो, पण दिवाळीआधीच्या आठवड्यात आलेला माल मोजून घेतला गेला, पाहून घेतला गेला नाही. भिंग धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या चकतीवर खाचेजवळ दोन ताजे ओरखडेही आहेत. ते कसे पडले हे मी विचारणार नाही. बदली आयपीस आजच रवाना केले असून कुरिअरचा खर्च आमचा आहे.

मात्र शनीच्या कड्यांचा दोष त्या ठिपक्यांच्या किंवा आमच्या माथी मारणे मला मनापासून अन्यायाचे वाटते. आपण ज्या रात्री फोन केलात ती २३ नोव्हेंबरची, रविवारची रात्र होती. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात आणि त्या काळात दोन वेळा पृथ्वीवरून पाहताना त्याच्या कड्यांची फक्त पातळ कड आपल्याकडे येते. २०२५ हे तसे वर्ष आहे. २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून, म्हणजे त्यांच्या सपाट पातळीतून गेली, तेव्हा शनी आकाशात सूर्याजवळ असल्यामुळे तो प्रसंग कोणाला नीट पाहता आला नाही. पुढे कडी थोडी उघडली आणि नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात त्यांचा कल पुन्हा घसरून अर्ध्या अंशाहूनही कमी झाला. म्हणजे शनी नीट दिसण्याच्या या हंगामात कडी सर्वांत कमी दिसण्याची जी रात्र, नेमकी त्या रात्री आपण दुर्बीण गच्चीवर नेलीत. यात आपला दोष नाही, पण माझा तरी कोठे आहे?

आपला फोन आला तेव्हा पावणेदहा वाजत आले होते. मी जेवणाच्या ताटावरून उठून माझी स्वतःची ७० मिलिमीटरची दुर्बीण गच्चीत लावली, आपल्याला दिले त्याच प्रकारचे आयपीस तिला बसवले आणि शनी पाहिला. पिवळसर मण्यातून बारीक सुई आरपार गेलेली असावी, तसा तो दिसत होता. हवा हलली की सुईही नाहीशी होत होती. जे दिसले तेच मी आपल्याला सांगितले. त्याला आपण ‘शिकवणे’ म्हटलेत. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना जे काही पाहिले होते ते १६१२ मध्ये त्याला दिसेनासे झाले, तेव्हा इतके दिवस आपल्या भिंगांनीच आपल्याला फसवले की काय, अशी शंका त्यालाही आली होती. त्यामुळे आपल्याला ती आली याचे मला नवल नाही. त्याने तारे मात्र कोणाला दिले नाहीत.

बार्लोबद्दलही दोन शब्द लिहितो. आपल्या दुर्बिणीचे नाभीय अंतर (मुख्य भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर असल्यामुळे ६ मिलिमीटरच्या आयपीसने सुमारे ११७ पट वर्धन मिळते आणि बार्लो जोडल्यावर ते २३३ पटींवर जाते, परंतु तिचे ७० मिलिमीटर व्यासाचे मुख्य भिंग साधारण १४० पटींपलीकडे जास्तीचा तपशील देऊ शकत नाही. पुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक आणि भुरकट होते. नामांकित आयपीस, जे याच्या कित्येक पट किमतीला मिळते, ते लावले तरी हा नियम बदलत नाही. ‘२३३ पट’ हा आकडा उत्पादकाच्या खोक्यावर ठळक छापलेला होता आणि आमच्या जाहिरातीतही तो तसाच उतरला, हे योग्य झाले नाही. तो मजकूर लवकरच बदलू.

आमचे दुकान दोन माणसांचे आहे. आपला अभिप्राय वाचून एका शाळेने सहा आयपीसची मागणी तूर्त थांबवली आहे, एवढेच सांगतो. त्यावरून आपल्यावर कोणताही दबाव आणण्याचा हेतू नाही. यापुढे माल अधिक काळजीपूर्वक तपासला जाईल आणि सोबत माहितीचा एखादा कागद देण्याचाही विचार आहे.

बदली आयपीस मिळाल्यावर, बार्लो न जोडता, दुर्बीण अर्धा तास बाहेर थंड होऊ देऊन कृपया गुरूकडे लावून पाहावी. १० जानेवारी २०२६ रोजी गुरू प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, येत असल्यामुळे तो रात्रभर आकाशात असेल, आणि त्याच्यावरचे दोन पट्टे व शेजारचे चार चंद्र याच आयपीसमधून दिसायला हवेत. चंद्र कधीकधी तीनच दिसतात, कारण एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो. तसे झाल्यास फोन करण्यापूर्वी दोन-तीन तासांनी पुन्हा एकदा पाहावे, ही विनंती. पट्टेही दिसले नाहीत तर आयपीस परत पाठवावे, पूर्ण रक्कम कोणताही प्रश्न न विचारता परत केली जाईल. दिसले, तर त्या एका ताऱ्याचे काय करायचे ते आपण ठरवावे.

आपला,
दुकानाचा मालक

ता. क. — परत आलेल्या आयपीससोबत मूळ डबी आणि दोन्ही टोपणे आलेली नाहीत. त्यांचे पैसे आम्ही लावलेले नाहीत.