देवनागरीत लिहिलं की इंग्रजी उच्चार जमले?

स्पोकन इंग्लिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. इंग्रजीत स्वर पाचच, आपल्याकडे अख्खी बाराखडी. म्हणून शब्द देवनागरीत लिहा, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून वाचा, उच्चार शुद्ध. वर इशारा, तिशीनंतर जीभ वळत नाही. नागपुरात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातले निम्मे लोक हेच पाठ करून येतात.

पाच ती अक्षरं. ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वरध्वनी साधारण २० मोजतात.

खरा घोळ ऱ्हस्व-दीर्घाचा. आपण 'रवि' लिहा की 'रवी', म्हणतो एकच. त्यामुळे वहीत 'शिप' आणि 'शीप' वेगळे, तोंडात मात्र जहाजाची मेंढी होते. बरं, ई ताणूनही भागत नाही. 'शीप'मध्ये जीभ वर आणि पुढे जाते, 'शिप'मध्ये थोडी खाली, सैल राहते. लांबी तर पुढच्या व्यंजनावरही ठरते: 'सीट'मधला ई 'सीड'मधल्यापेक्षा आखूडच असतो. म्हणजे लांबी सांभाळणारा विद्यार्थी नेमकं चुकीचं सांभाळतो.

लिपी म्हणजे काही रेकॉर्डिंग नव्हे. सीताबर्डीत मराठी पाटीवर 'बँक', हिंदी पाटीवर 'बैंक'. अपेक्षित ध्वनी एकच. अॅ आणि ऑ ही चिन्हं उपयोगी आहेत, पण 'बनाना'चं काय? इंग्रजीत त्यातला जोर मधल्या स्वरावर, आजूबाजूचे दोन्ही जवळजवळ गिळलेले. 'फोटोग्राफ'मध्ये जोर उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, आणि जोर सरकला की स्वरही बदलतात. देवनागरीत दोन्हीकडे तेच 'फोटो'.

राहिलं वय. मोठेपणी शिकून हुबेहूब इंग्रजासारखं बोलणं दुर्मिळ, हे खरं. पण लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी १९९१ मध्ये जपानी प्रौढांना र-ल असलेले इंग्रजी शब्द वेगवेगळ्या लोकांच्या आवाजांत ऐकवले, तेव्हा त्यांचं र-ल ओळखणं सुधारलं. १९९७ मध्ये ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांना दिसलं की नुसत्या ऐकण्याच्या सरावानं बोलणंही सुधारतं.

म्हणून माझ्या वर्गात आधी वह्या बंद. 'पेन'-'पॅन', 'शिप'-'शीप' अशा जोड्या चार-पाच आवाजांत ऐकायच्या, पहिला शब्द की दुसरा ते बोटांनी दाखवायचं. इतवारीतले दुकानदार काका सुरुवातीला हसतात, मग पैजा लावतात. बोटं चुकायची थांबली की मी बोलायला सांगते. वऱ्हाडी हेल राहिला तर राहू दे. मिहानमधल्या कंपनीच्या मुलाखतीत समोरच्याला शब्द कळला म्हणजे झालं.