शनिवारची तिसरी टीम

आमचे चिरंजीव लीड्सजवळच्या एका गावात नोकरीला आहेत आणि दर शनिवारी तिथल्या क्लबच्या तिसऱ्या टीमकडून रग्बी खेळतात. तिसरी म्हणजे शेवटचीच, चौथी काढायला माणसं नाहीत. एक प्लंबर, दोन शाळामास्तर, मेंढ्या पाळणारे एक पन्नाशीचे काका आणि आमचा हा, बडोद्यात श्रीखंड-पुरीवर वाढलेला. 2023-24 च्या हिवाळ्यात आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे होतो. मला काही काम नव्हतं, म्हणून शनिवारी दुपारी छत्री घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो. उभा जन्म हुतूतू खेळलो, रग्बीतलं ओ का ठो कळत नव्हतं. तीन महिन्यांत खेळ थोडाफार कळला. त्याहून जास्त कळलं ते हे की संघटना नावाची गोष्ट कशासाठी असते. आणि परत आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा आला तर खुशाल सोडून द्या.

पहिल्याच शनिवारी पाहुणी टीम आली ती बारा जणांची. लागतात पंधरा. वर फ्रंट रोत उभं राहणारं त्यांच्यात कोणीच नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे गडी वाकून, घट्ट जुळून एकमेकांना रेटतात त्यात, सगळ्यात पुढे तिघं असतात, दोन प्रॉप आणि मधे हुकर. मागच्यांचा सगळा रेटा यांच्या मानेवर. तिथे न शिकलेला माणूस उभा केला तर मान मोडू शकते, गंमत नाही. मी छत्री मिटून निघायच्या तयारीत. आपल्याकडे पुढे काय होतं ते ठाऊक आहे ना: शीटवर सह्या, वॉकओव्हर, चहा, घर. इथे दोन कॅप्टन आणि रेफ्री पाच मिनिटं बोलले आणि सामना सुरू झाला. स्क्रम लावायचा पण ढकलायचं नाही. बदली खेळाडूंनी हवं तितक्यांदा आत-बाहेर करायचं. आमच्याकडे अठरा होते, त्यातले दोन पाहुण्यांना उसने दिले आणि चौदा-चौदात खेळले. उसन्यांतला एक आमचाच निघाला. त्याने स्वतःच्याच क्लबवर ट्राय केला (म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला) आणि संध्याकाळभर त्यावरून बोलणी खाल्ली.

मी म्हटलं, काय दिलदार माणसं! तर हा म्हणतो, "बाबा, दिलदारी कसली, छापलेलं आहे." खरंच छापलेलं आहे. 'गेम ऑन' या नावाखाली खालच्या पातळीच्या सामन्यांसाठी इंग्लंडच्या रग्बी युनियननेच सवलती लिहून ठेवल्यात: माणसं कमी असली तर काय, वेळ कमी असला तर काय, फ्रंट रो नसला तर काय. म्हणजे तासभर गाडी हाकत आलेल्या बारा जणांना खेळायला मिळालंच पाहिजे, हा विचार वर बसलेल्या कोणीतरी आधीच करून ठेवला होता. रेफ्री यजमान क्लबचा नव्हता, रेफ्रींच्या वेगळ्या सोसायटीने पाठवलेला होता. मानधन नाही, फक्त पेट्रोलचे पैसे. तरी पन्नाशीचे मेंढीवाले काकाही त्या पोराला 'सर' म्हणत होते.

रचना थोडक्यात सांगतो. वर रग्बी फुटबॉल युनियन, 1871 सालची. खाली काउंट्यांच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या) युनियन, त्यात लीड्स ज्यात येतं त्या यॉर्कशायरची एक. कप, खालच्या टीमांचे सामने, लहान मुलांचे वयोगट, शिस्तीची प्रकरणं हे सगळं काउंटी बघते, आणि बघणारे बहुतेक बिनपगारी. काउंट्यांखेरीज लष्कर, नौदल, ऑक्सफर्ड, केंब्रिज यांनाही वरच्या कौन्सिलात आपापली जागा आहे. नकाशा एकीकडे, खेळाचा नकाशा दुसरीकडे. हे बडोदेकराला समजावून सांगावं लागत नाही. एका गुजरातेत क्रिकेटच्या तीन संघटना, त्यातली एक आपली.

जानेवारीत चिरंजीवांना लाल कार्ड मिळालं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापासून वर टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) करायचा नाही, हा नियम त्याच मोसमात हौशी रग्बीला लागू झाला होता. हा गेला वर, समोरच्याच्या जबड्यावर खांदा बसला. सुनावणी झाली आठवड्याच्या मध्ये, रात्री, व्हिडिओवर. मी शेजारी पोहे परतत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. समोर तिघं, तिघंही बिनपगारी. पहिला प्रश्न काय, तर ज्याला लागलं तो मुलगा कसा आहे, तुम्ही चौकशी केलीत का? (केली होती, नशीब.) मग रेफ्रीचा अहवाल वाचला. डोक्याला लागलं म्हणजे मोजणी सहा आठवड्यांपासून. चूक कबूल, आधीचा रेकॉर्ड स्वच्छ, म्हणून जास्तीत जास्त सूट, निम्मी. तीन आठवडे बंदी. दोन दिवसांनी लेखी निकाल आला, कारणांसकट, दोन पानं. तिसऱ्या टीमच्या एका खेळाडूसाठी दोन पानं!

ती पानं वाचताना मला भाची आठवली. खेळ कोणता ते सांगत नाही, संघटना कोणती तेही नाही. दोन वर्षं राज्याकडून खेळलेली पोरगी. तिसऱ्या वर्षी ट्रायलची खबर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. गेली, धावली. यादी लागली ती कागदाचा तिरका काढलेला फोटो, त्यात हिचं नाव नाही. फोन केला तर उत्तर, "उपरथी आव्युं छे." वर कोण, कुठे, अपील कोणाकडे करायचं? काही नाही. आता ती खेळत नाही. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय.

तिकडे सगळं गोडच आहे असं मात्र समजू नका. याच टॅकलच्या नियमाचं घ्या. जानेवारी 2023 मध्ये कौन्सिलने आधी ठरवलं होतं की टॅकल कमरेखालीच. खालच्या क्लबांना कोणी विचारलंच नव्हतं. असा भडका उडाला की दहा दिवसांच्या आत युनियनला माफी मागावी लागली आणि कंबर छातीपर्यंत वर सरकली. पुढच्या वर्षी त्याहून वाईट. विक्रमी तोटा, 42 जणांना नारळ, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला 3,58,000 पौंड बोनस! पण तिथे शंभर क्लबांनी मागणी केली की विशेष सभा घ्यावीच लागते. मार्च 2025 मध्ये अविश्वासाचा ठराव मतदानाला आला. पडला, 206 विरुद्ध 466. पडू दे. मतदान झालं, आकडा जाहीर झाला, आणि तिसरी टीम चालवणाऱ्या क्लबालाही हात वर करता आला. आपल्याकडच्या किती संघटनांच्या सभेची तारीख तरी आपल्याला कळते?

यॉर्कशायरवाल्यांना हे भांडण जुनं आहे. शनिवारी खेळायचं म्हणजे गिरणीत, खाणीत खाडा. त्या खाड्याची मजुरी भरून द्या, एवढंच ते 1893 साली मागत होते. 282 विरुद्ध 136 मतांनी मागणी फेटाळली. दोन वर्षांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बावीस क्लब जमले आणि वेगळे झाले, त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ निघाला. उरलेली युनियन 'आम्ही हौशी' म्हणत थेट ऑगस्ट 1995 पर्यंत अडून बसली. ज्यांच्या घरची चूल रोजाच्या मजुरीवर नव्हती, त्यांना हौशी राहणं सोपं होतं, असं माझं मत.

आता आपलं. रग्बी आपल्याला परकी आहे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कलकत्त्याचा रग्बी क्लब 1878 मध्ये बंद पडला (फुकटची दारू बंद झाल्यावर सभासद गळाले म्हणतात), तेव्हा खात्यातले शिल्लक 270 चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी कप केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच कलकत्ता कपासाठी खेळतात. बंद पडताना शेवटच्या रुपयाचाही हिशेब लागलेली संघटना! मला तर कपापेक्षा त्या खजिनदाराचं कौतुक वाटतं.

आज आपल्याकडे भर सेव्हन्सवर (सात-सात जणांची रग्बी), कारण 2016 पासून ऑलिंपिकमध्ये तेच आहे. 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धा गुजरातेत झाल्या तेव्हा अहमदाबादेत सेव्हन्सच झालं. बहुतेक छोट्या खेळांत आपलं वर्ष म्हणजे ट्रायल, कॅम्प, नॅशनल, सर्टिफिकेट. मुलांना दोष देत नाही, त्या कागदावर कॉलेजात ॲडमिशन मिळते, कोट्यातून नोकरी मिळते. पण ज्याचं नाव यादीत नाही, त्याला पुढच्या ट्रायलपर्यंत एक सामना मिळत नाही. माझ्या लेखी संघटनेचं खरं काम तिथून सुरू होतं. चार टीम, दहा शनिवार, बाहेरचा रेफ्री, निकालाची वही, आणि शिस्तीसाठी अशी तीन माणसं की ज्यांचा पोरगा कुठल्याच टीममध्ये नाही. बस. नॅशनलचं पुढचं पुढे.

"काका, तिकडे पैसा आहे." कुठे आहे? त्या क्लबात सत्तरीचे आजोबा मैदानाचं गवत कापतात आणि सामन्यानंतर पाहुण्यांना वाढायला खेळाडूंच्या आया-बायका उभ्या असतात. दोन पानी निकाल लिहायला किती पैसे लागतात? आणि नियम लिहिणं आपल्याला नवं थोडंच आहे? हुतूतूचे नियम 1923 साली याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने छापले होते.

असो. मी वर्ल्ड रग्बीची, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेची, नियमांची ऑनलाइन परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. शिट्टी विकत घेतली. गेल्या शनिवारी पोलो ग्राऊंडवर कोपऱ्यात 'टच' खेळवायचं ठरवलं, म्हणजे पाडापाडी नाही, हात लावला की पुरे. नऊ पोरं आली. मी शिट्टी वाजवणार, तेवढ्यात एकजण म्हणाला, "काका, एक कमी पडतोय, तुम्हीच उतरा ना." माणसं कमी असली तर काय, यावर मीच त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, नाही कसं म्हणणार? गळ्यात शिट्टी, पायात चालायचे बूट, वय 58. आज बुधवार आहे आणि गुडघा अजून सुजलेलाच आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला कोणाचा मुलगा, मुलगी, पुतण्या, भाचा मोकळा असेल तर पाठवा. दहावा हवाय.