पाणी चाळीस फुटांवर यायच्या आधी

मी योकोहामात राहते, आठ वर्षं झाली. माहेर सांगलीचं, गावभागातलं, नदी चालत दहा मिनिटांवर. जून लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय ठरलेला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती. यंदा अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ मीटर करणार ही जुनीच बातमी परत फिरली, म्हणजे पाणी मागे सांगलीपर्यंत तुंबेल ही भीती, आणि दोन दिवस सगळे त्यावरच. पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९च्या पुराचं मुख्य कारण अलमट्टी नाही असं म्हटलं होतं, सांगलीत ते कितीतरी जणांना पटलेलं नाही, आमच्या घरातसुद्धा दोन तट आहेत. मी मधेच लिहिलं की धरणाचं ठरेल तेव्हा ठरेल, येत्या रविवारी प्रत्येकाने एक पिशवी भरून दाराजवळ ठेवा, यादी मी पाठवते. तर मामेभाऊ म्हणाला, "ताई, जपानचं सांगू नकोस, तिथं सरकार सगळं देतं. इथं आधी जाब विचारायला पाहिजे. पिशव्या भरून पूर थांबतोय काय?"

त्याचा राग मला कळतो. २०१९ला त्याचं दुकान आठ दिवस पाण्यात होतं, २०२१ला परत. पण सरकार सगळं देतं हे खरं नाही. मी इथं आले तेव्हा वॉर्ड ऑफिसमधून मिळाला तो एक नकाशा, आपल्या गल्लीत पूर आला तर पाणी किती चढेल, कुठला उतार खचू शकतो, कुठल्या शाळेत जायचं, हे रंगवून दाखवलेला, आणि सोबत एक पुस्तिका. पिशवी ज्याची त्याने भरायची. तेव्हा आमच्या घरात एकच पगार होता आणि दुकानातली तयार पिशवी दहा-बारा हजार येनला, ती घेणं शक्यच नव्हतं. शेजारच्या आजीबाईंनी मला सांगितलं, घरात जुनी सॅक असेल ना, तीच घे आणि दर महिन्याला दोन वस्तू टाक. त्यांच्यासोबत शंभर येनच्या दुकानात जाऊन मी पहिल्यांदा आणलं ते म्हणजे शिट्टी आणि जाड हातमोजे. दुसरी गोष्ट त्यांनी फुकटातली सांगितली, रात्री झोपताना पलंगाजवळ बूट आणि टॉर्च ठेव, कारण भूकंपात घरातल्या घरात काचा फुटतात आणि अंधारात अनवाणी उतरलं की पहिल्या पावलालाच पाय कापतो, मग पळणार कसं. माझी पिशवी पुरी व्हायला सात महिने लागले, खर्च साधारण चार हजार येन.

आता आईचं सांगते. ऑगस्ट २०१९. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आईला वाटलं २००५ला पायरीपर्यंतच आलं होतं, आताही तेवढंच येईल. रात्री दोन वाजता गल्लीतल्या पोरांनी दार वाजवलं तेव्हा अंगणात गुडघाभर पाणी होतं. ती बाहेर पडली ती पर्स, देवाचा टाक आणि एक साडी घेऊन. बीपीच्या गोळ्या फ्रिजवर राहिल्या, चष्मा उशीखाली राहिला, आणि घराचे कागद, पासबुक, बाबांचा मृत्यूचा दाखला हे सगळं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, म्हणजे पाणी पहिलं जिथं शिरणार तिथं. पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेत चार दिवस ती बिनगोळ्यांची होती, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं कुठली गोळी तर हिला एवढंच सांगता येईना, "पांढरी, छोटी, सकाळी घेते ती." मला इकडे दीड दिवस तिचा पत्ता नव्हता, तिच्या फोनची बॅटरी संपलेली आणि माझा नंबर तिला पाठ नाही. पूर ओसरल्यावर तिने ते कागद दोरीवर चिमटे लावून वाळवले, त्याचा फोटो माझ्याकडे आहे, घरखरेदीच्या खताची शाई पसरून निळा डाग झालेला. यातलं एकही नुकसान टाळायला धरणाची उंची कमी व्हायची गरज नव्हती. कागद माळ्यावर हवे होते आणि गोळ्यांचं नाव एका चिठ्ठीवर हवं होतं, बास.

म्हणून सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून करा असं मी सगळ्यांना सांगते. कागदांचे फोटो काढून डिजीलॉकरमध्ये आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये, मूळ कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक घालून वरच्या फळीवर. गोळ्यांची नावं, रक्तगट आणि पाच फोन नंबर पेनाने कागदावर लिहून पाकिटात, त्यात ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ पण. इथं जपानात १७१ला फोन करून आपण सुखरूप आहोत असा निरोप ठेवता येतो, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याची सवय करायलाही मिळते. आपल्याकडे घरातल्या घरात हे जमवता येतं, आम्ही ठरवलंय की काही झालं तर सगळ्यांनी पुण्याच्या मावशीला एक मेसेज टाकायचा आणि बाकीच्यांनी तिलाच विचारायचं, दहा जणांनी आईला फोन करून तिची बॅटरी संपवायची नाही. घर सोडताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढायचा, मेन स्विच पाडायचा, आणि सिलेंडर दोरीने बांधायचा कारण तो तरंगतो आणि वाहून जातो.

मग पैशाच्या गोष्टी, पण त्याही एकदम नकोत, महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढले तरी पावसाळ्याआधी बरंच होतं. पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला ३ लिटर, किमान तीन दिवस, म्हणजे दोघांना १८ लिटर, झाकणाचा एक २० लिटरचा कॅन पुरतो. पूर आला की नळाला पाणी नसतं हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही पण सांगली-कोल्हापूरला २०१९मध्ये हेच झालं, पंप हाऊसच पाण्यात गेली, सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. टॉर्च आणि सेल, जमेल तेव्हा पॉवर बँक, पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा कारण एटीएम बंद असतात, ओआरएसची पाकिटं (नसली तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा), आणि ज्याची रोजची गोळी चालू आहे त्याची आठ दिवसांची जादा पट्टी.

एका गोष्टीवर आपल्याकडे कुणी बोलत नाही, ती म्हणजे संडास. इथं पाण्याइतकंच संडासाला महत्त्व देतात, प्रत्येक पिशवीत त्याची सोय असते. २०१९ला आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर अडकलेल्या बायकांनी दोन-दोन दिवस पाणीच कमी प्यायलं, कारण संडास तुंबून उलटा यायला लागलेला. एक झाकणाची बादली, जाड काळ्या पिशव्या आणि जुनी रद्दी फाडून, एवढ्यात भागतं. सोबत पॅड ठेवा. हे लाजायचं काम नाही, बायका त्यापायी आजारी पडतात.

खाण्याचं मात्र आपल्याला शिकवावं लागतच नाही. इथं एक पद्धत सांगतात, जे रोज खाता तेच थोडं जास्त आणा, जुनं आधी खा आणि जेवढं खाल्लं तेवढं परत भरा. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मनात आलं की ही तर आपली बेगमी! आजी उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया करायची, मेतकूट, भाजणी डब्यात, चूल भिजली तर म्हणून कोरडी लाकडं वर माळ्यावर, कोकणात तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी असायचीच. दहा मिनिटांत सामान घरपोच यायला लागलं आणि आपण ते सोडलं. २०१९ला पुणे-बंगळूर हायवे बंद पडला तेव्हा कोल्हापुरात दूध आणि पेट्रोल मिळेना. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची वडी, यातलं काहीच शिजवावं लागत नाही आणि घरात असतंच, फक्त एक डबा वेगळा काढायचा.

आता भावाचं म्हणणं. जाब विचारायलाच पाहिजे, मी त्याच्याच बाजूची आहे. २०२१मध्ये आम्ही घर बदललं तेव्हा एजंटने करार करायच्या आधी पुराचा नकाशा टेबलावर पसरला आणि आमची बिल्डिंग कुठे येते त्यावर बोट ठेवून दाखवलं, ऑगस्ट २०२०पासून त्यांना कायद्यानेच ते दाखवावं लागतं. आपल्याकडे निळी पूररेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल आहे शंभर वर्षांतल्या पुराची, पण फ्लॅट विकताना कोण सांगतं हो? हे मागूया, जोर लावून मागूया. पण जपानातसुद्धा सरकार पहिल्या दिवशी पोचत नाही. १९९५ला कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. ऑक्टोबर २०१९च्या वादळात आमच्या जवळच मुसाशी-कोसुगीला एका उंच टॉवरच्या तळघरात पाणी शिरलं आणि वीज गेली, लिफ्ट बंद, पाणी बंद, एवढे महागडे फ्लॅट असून लोक जिने चढत होते. आणि सांगलीत माझ्या आईला रात्री दोनला उठवलं ते गल्लीतल्या पोरांनीच. जाब विचारायला वर्ष पडलंय, पिशवीला एक रविवार लागतो, दोन्ही करता येतं.

आईची पिशवी आता दाराशेजारच्या खुंटीला आहे, बाबांची जुनी सॅक. १ जूनला तिने व्हिडिओ कॉलवर सगळं बाहेर काढून दाखवलं, लाडू खाऊन टाकले, नवे भरले, गोळ्यांची तारीख बघितली, आणि चिठ्ठीवर आता नाव, डोस सगळं स्वच्छ लिहिलंय. तिचं बघून समोरच्या काकूंनी पण भरली. राहिल्यात त्या आईच्या शेजारच्या आजी, वय ८६, गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. त्यांना कोणी आणि कशावरनं न्यायचं हे अजून ठरलेलं नाहीये. भावाला फोन केला होता, तो म्हणाला, रविवारी येतो, प्लास्टिकच्या खुर्चीला दोरी बांधून बघू.