गोगोल बोर्डेलो आणि 'आपलेच लोक'

फ्यूजन म्हटलं की मला झब्बे घातलेले चार सद्गृहस्थ दिसतात. एकाकडे बासरी, एकाकडे गिटार, आणि चौघंही 'आधी आपण, आधी आपण' करत वाजवताहेत. न्यूयॉर्कच्या गोगोल बोर्डेलो या बँडचा 'जिप्सी पंक्स: अंडरडॉग वर्ल्ड स्ट्राइक' (२००५) हा अल्बम मला इतका आवडतो, कारण त्यात असलं सौजन्य औषधालाही नाही. सर्गेई र्‍याबत्सेवचं व्हायोलिन आणि युरी लेमेशेवचं अकॉर्डियन इलेक्ट्रिक गिटारवर सरळ चाल करून जातात. कोण कुणाला साथ देतंय, हे शेवटपर्यंत ठरत नाही.

हे जमतं, कारण मुळात जोडायला फारसं काही नव्हतंच. पूर्व युरोपातले रोमा, म्हणजे ज्यांना जग जिप्सी म्हणतं ते, वादक लग्नात वाजवतात ते ऐका. खर्जात एक ठोका, लगेच मधल्या जागेवर दुसरा, आणि नाचणारे दमेपर्यंत लय चढत जाणार. मधल्या जागेवरचा तोच ठोका स्का आणि रेगे या जमैकाच्या संगीतात आहे, आणि ती दोन्ही पंकवाल्यांनी, म्हणजे आडदांड रॉक वाजवणाऱ्यांनी, कधीच आपलीशी केली होती. त्यामुळे 'स्टार्ट वेअरिंग पर्पल' ऐकताना लोकसंगीत कुठे संपलं आणि पंक कुठे सुरू झालं, हा प्रश्न पडतच नाही. ('थिंक लोकली' नावाचं एक गाणंही जबरदस्त आहे. त्याचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही, माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये मावश्या आहेत.)

ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं. निर्वाणा या रॉक बँडचा 'इन युटेरो' मुद्रित करणारा हाच. रॉयल्टी घ्यायची नाही, फक्त कामाचे पैसे घ्यायचे, असा त्याचा शिरस्ता होता. बँड खोलीत जसा वाजतो तसा पकडायचा, त्याला पॉलिश मारायचं नाही. म्हणून इथे गज तारेवर घासल्याचंही ऐकू येतं.

आता गायक युजीन हुट्झ. कीव्हजवळच्या बोयार्का गावचा. एक आजी रोमा. १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं तेव्हा हा तेरा वर्षांचा. कुटुंब पश्चिम युक्रेनमधल्या नातलगांकडे गेलं. पुढे देशच सोडला आणि पोलंड, हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली असं निर्वासित म्हणून फिरत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये पोहोचलं. बँड १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये जमला. अकॉर्डियनवाला सखालिनचा, व्हायोलिनवाला मॉस्कोचा, गिटारवाला इस्रायलचा. थोडक्यात, बहुतेक सगळे कुठून तरी आलेले. 'इमिग्रंट पंक' हे गाणं त्या अर्थाने अख्ख्या बँडची ओळखपत्रिका आहे, आणि मला हा अल्बम रोमा संगीतापेक्षा स्थलांतरितांचा अल्बम वाटतो. त्यात शेकोटी, टांगे, वाऱ्यावर उडणारे घागरे असला माल नाही.

एवढ्यासाठीच शीर्षकातला 'जिप्सी' मला खटकतो. अनेक रोमा लोकांना तो शब्द शिवीसारखा लागतो. एका आजीच्या नात्याने तो इतक्या मोठ्या अक्षरांत मिरवायचा हक्क हुट्झला आहे का? मला तरी पूर्ण पटत नाही. वालाकियात (आजच्या रोमानियात) रोमा माणसं १८५६ पर्यंत गुलाम होती, विकली जात होती, आणि त्यांच्यातले वादक सरदारांच्या मेजवान्यांत वाजवत होते. नाझींनी किमान अडीच लाख रोमा मारले. या इतिहासातला अल्बममध्ये जवळजवळ काहीच येत नाही. पार्टी मात्र येते.

आपल्याकडे या विषयाला कुणी हात लावला की पाचव्या मिनिटाला कॉमेंट येते: "रोमा म्हणजे मूळचे आपलेच लोक!" ते खरंच आहे. भाषा साक्षीला आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वी ही माणसं वायव्य भारतातून निघाली. त्यांच्या झेंड्यावर चक्रही आहे. पण या संगीतात कोमल रिषभाला लागून शुद्ध गंधार आला की आपल्याला भैरवाची आठवण होते आणि आपण लगेच खूश होतो. ते सूर भारतातून गाठोड्यात बांधून नेलेले नाहीत. बाल्कनमध्ये ते उस्मानी तुर्कांच्या हिजाज मकामातून (मकाम म्हणजे तिकडचा राग म्हणा) रुजले. आणि हजार वर्षांपूर्वी गेलेल्यांचा एवढा अभिमान वाटणाऱ्यांना गावाच्या कडेला पारध्यांची पालं पडली की मात्र पोलीसच आठवतात. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे अजून पुष्कळांच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

असो, अल्बमकडे परत. पंधरा गाणी जास्तच होतात. उत्तरार्धात दोन-तीन सहज गाळता आली असती, तिथे गोंगाट उरतो आणि चाल हरवते. पण 'सॅली', 'नॉट अ क्राइम' आणि 'अनडिस्ट्रक्टेबल' या तिघांसाठी मी बाकीचं सहन करायला तयार आहे. २००७ च्या 'लाइव्ह अर्थ' या मैफलीत लंडनला हुट्झ आणि र्‍याबत्सेव मॅडोनाबरोबर 'ला इस्ला बोनिता' वाजवायला गेले, तेव्हा काही चाहते नाराज झाले म्हणे. मला ते पाहताना मजा आली. मॅडोनाच बिचारी त्यांच्या लयीत धावत होती.

हेडफोन लावून ऐकू नका, मोठ्या स्पीकरवर लावा. आणि आवडलं तर रोमानियातल्या क्लेजानी गावच्या 'ताराफ दे हायडूक्स'कडे जा. ते खरे लग्नात वाजवणारे रोमा. त्यांच्याकडे ना इलेक्ट्रिक गिटार, ना ड्रमसेट, आणि तरी त्यांच्या वेगापुढे हे न्यूयॉर्कवाले कितीतरी ठिकाणी निवांत वाटतात. लिंक कॉमेंटमध्ये टाकतो.